अमेरिकेतलं माळरान: शिकागो ते बॅडलँड्स, नऊ दिवस गाडीने

भीमाकाठ

'येलोस्टोनला जाताना मधला भाग रात्रीतून उरकावा का?' हा प्रश्न इथे दर उन्हाळ्यात येतो. उत्तर एका प्रतिसादात मावणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे. आम्ही यंदा तो मधला भागच पाहायला गेलो होतो.

जूनचा शेवटचा आठवडा. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि इंदापूर तालुक्यातून तीन महिन्यांसाठी आलेले माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ७२, जन्म शेतीत गेला. नायगारा त्यांनी पाहिला, छान आहे म्हणाले. मग एक दिवस जेवताना विचारलं, "तुमच्यात नुसतं रान कुठं बघायला मिळतं?" त्या एका वाक्यावर ही सहल ठरली.

मार्ग असा: शिकागो - कॅन्सस सिटी - फ्लिंट हिल्स - ग्रीन्सबर्ग - हेज - ओकली, तिथून ८३ नंबरच्या रस्त्याने सरळ उत्तरेला नेब्रास्का, थेडफर्डहून हायवे २ ने अलायन्स, मग साउथ डकोटातलं बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान आणि आय-९० महामार्गाने परत. सगळे मिळून अडीच हजार मैलांच्या आसपास.

पहिला दिवस मक्यात गेला. इलिनॉय स्वतःला प्रेअरी स्टेट म्हणवतं, पण मूळ गवताळ जमीन तिथे टक्काभरही उरलेली नाही. ती माती काळी आणि चिकट. लाकडी किंवा बिडाच्या नांगराला लगदा बसायचा आणि शेतकऱ्याला दर थोड्या पावलांवर थांबून फाळ खरवडावा लागायचा. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ केला, माती आपोआप सुटायला लागली आणि पन्नासेक वर्षांत सगळं रान नांगरटीखाली गेलं. नवरा हे सांगत होता तेव्हा आप्पा नुसती मान हलवत होते. काळ्या रानात नांगर धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाहून स्ट्राँग सिटीकडे निघालो आणि वीसेक मिनिटांत मका संपला. एका उतारावर रस्ता वर चढला आणि पलीकडे नुसतं गवत. टेकड्यांमागे टेकड्या, मध्ये झाड नाही, घर नाही, तार नाही. वाऱ्याची झुळूक आली की पूर्ण डोंगरउतारावरून लाट जायची. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एके काळी १७ कोटी एकरांवर होती. आज ४ टक्क्यांहून कमी शिल्लक आहे आणि त्यातली बहुतेक इथे, फ्लिंट हिल्समध्ये. कारण साधं आहे. मातीचा थर पातळ, खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगर चालेना, म्हणून गवत वाचलं.

टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह १९९६ साली झालं, जवळजवळ ११,००० एकर आहे, प्रवेश फुकट. गव्यांच्या, म्हणजे बायसनच्या कुरणातून पायवाट जाते. कळप लांब बसला होता, आम्ही वळसा घातला. आप्पा वाटेत खाली बसले, गवताचं एक ताट उपटायला गेले तर निघेना. या गवतांची मुळं दहा-बारा फूट खाली जातात, जमिनीवर दिसतं त्याहून जास्त गवत जमिनीखाली असतं. आप्पांनी पातं मोडून वास घेतला, चावून पाहिलं, आणि मला विचारलं, "हे कुणी राखलंय?"

मला त्या प्रश्नाने गलबलून आलं. आमच्याकडे गवत राखतात. पावसाळ्यात जनावरं सोडायची नाहीत, दिवाळीपर्यंत कुरण बंद. मी इतकी वर्षं इथे राहून प्रेअरीला 'मोकळी जागा' समजत होते. आप्पांना पहिल्या पाच मिनिटांत दिसलं की हे मोकळं नाही, राखलेलं आहे. आणि ते खरंच आहे. इथले पशुपालक दर वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये, हे रान मुद्दाम पेटवतात. जाळलं नाही तर काही वर्षांत सीडरची झाडं घुसतात आणि गवत मरतं. युरोपीय लोक येण्याआधी मूळ रहिवासीही हेच करत होते.

एक सूचना: जूनमध्ये गवत गुडघ्याएवढंच असतं. डोक्याएवढं वाढणारं बिग ब्लूस्टेम गवत पाहायचं असेल तर सप्टेंबरात जा. जूनमध्ये त्याऐवजी काजवे मिळतात. कॉटनवुड फॉल्सला संध्याकाळी ओढ्याकाठी इतके काजवे होते की लेकीने फोन खिशात ठेवून दिला.

ग्रीन्सबर्ग. ४ मे २००७ च्या रात्री टोर्नॅडोने हे गाव जवळजवळ ९५ टक्के पुसून टाकलं. लोकांनी तिथेच, पवनऊर्जेवर चालणारं गाव पुन्हा उभं केलं. आम्ही थांबलो ते विहिरीसाठी. १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद, १८८७-८८ मध्ये कुदळ-फावड्याने हाताने खणलेली आणि दगडांनी बांधून काढलेली. आत गोल जिना आहे. आप्पा तळापर्यंत उतरले, बांधकामावर हात फिरवत. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर त्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे मोट कुठे असेल ते शोधत होते. इथे मोट नव्हती, विहीर रेल्वेच्या आणि गावाच्या पाण्यासाठी होती. वर येऊन म्हणाले, "खणणारांची नावं कुठं लावल्यात का?" मला तरी दिसली नाहीत.

तिथून हेजकडे जाताना गव्हाची कापणी ऐन भरात होती. एका शेताच्या कडेला थांबून बघत होतो, तर शेताचा मालक ट्रकमधून उतरून आला. वयाने आप्पांच्याच आगेमागे. मी दुभाषी. पण पहिलं मिनिटभर माझी गरजच पडली नाही. त्याने एक ओंबी तोडली, तळहातांत चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दोन दाणे दाताखाली धरले. आप्पांनी शेजारची ओंबी तोडून तेच केलं. तीच चोळण्याची पद्धत, तीच फुंकर. दोघेही एकमेकांकडे बघून हसले. दाणा कडक तुटला म्हणजे ओलावा कमी, गाडी एलिव्हेटरला, म्हणजे धान्याच्या कोठाराला, न्यायला हरकत नाही.

त्याचा गहू कापणारे लोक भाड्याचे होते, त्यांना 'कस्टम कटर' म्हणतात. मे महिन्यात टेक्सासला सुरू करतात आणि गहू पिकत जाईल तसे उत्तरेला सरकत ऑगस्ट-सप्टेंबरात माँटाना, कॅनडापर्यंत जातात. आप्पांना नवल वाटलं नाही. आमच्या भागात पंजाबचे हार्वेस्टर असेच हंगामामागून येतात. नवल वाटलं ते गव्हाच्या जातीचं. आज कॅन्ससमध्ये पिकणाऱ्या लाल हिवाळी गव्हाचा पूर्वज 'टर्की रेड' १८७४ मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी बियाणं म्हणून बरोबर आणला. परदेशी जाताना माणसं काय बांधून घेतात यावर आप्पा संध्याकाळभर बोलत होते. त्यांची आजी सासरी येताना बटव्यातून बाजरीचं बी घेऊन आली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नेब्रास्कातल्या मकुक गावाच्या अलीकडे वादळाने गाठलं. दुपारी चारला पश्चिमेचं आभाळ हिरवट-काळं झालं आणि चौघांच्याही फोनवर एकदम भोंगा वाजला. पेट्रोल पंपावरच्या बाईने सगळ्यांना आतल्या बाथरूममध्ये घेतलं. चाळीस मिनिटं आम्ही, दोन ट्रकवाले आणि एक तान्हं बाळ. लिंबाएवढ्या गारा पडल्या, टोर्नॅडो काही मैल बाजूने गेला. तुम्ही कोणत्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) आहात ते नेहमी माहीत ठेवा. रेडिओवर गावाचं नव्हे, काउंटीचं नाव सांगतात. 'वॉच' म्हणजे वादळ होण्याजोगी हवा, 'वॉर्निंग' म्हणजे ते दिसलंय, लगेच आडोसा. पुलाखाली थांबू नका, तिथे वारा जास्त जोराने घुसतो.

त्या रात्री आरक्षण केलेल्या मोटेलात आमच्या नावाची खोलीच नव्हती. दुसरं मोटेल सापडलं तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथल्या गुजराती मावशींनी आप्पांची टोपी पाहिली आणि काही न विचारता खिचडी टाकली. बरोबर ताक. मी पैसे पुढे केले तर रागावल्या.

आता सँडहिल्स. नेब्रास्काचा हा भाग म्हणजे गवताने धरून ठेवलेले वाळूचे डोंगर, सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा साधारण सहावा भाग. मला पूर्ण प्रवासात सगळ्यात आवडलेला पट्टा हाच. हायवे २ वर तासभर समोरून गाडी येत नाही, आणि आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. शेजारून कोळशाच्या मैल-मैल लांब मालगाड्या. दूरवर एखादी पवनचक्की, तिच्या पायाशी पाण्याची टाकी, टाकीभोवती गुरं. थेडफर्ड सोडलं की पुढच्याच काउंटीत घड्याळ एक तास मागे जातं.

एका उतारावर पाय मोकळे करायला उतरलो तर मोजे कुसळांनी भरले. संध्याकाळी आप्पा मोटेलच्या पायरीवर बसून ती एकेक उपटत होते. नातीला हाक मारली, एक कुसळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यावर एक थेंब टाकला. वाळून पीळ पडलेलं ते लांब शेपूट हळूहळू उलगडायला लागलं आणि दाण्याचं टोक तिच्या हातावर फिरलं. पाऊस पडला की बी असं स्वतःला जमिनीत पिरगाळून घेतं. हे गवत तिकडचं, 'नीडल अँड थ्रेड' नावाचं. पण आपल्या कुसळीचं तंत्र हेच. लेक अर्धा तास थेंब टाकत बसली होती.

बॅडलँड्सबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. प्रश्न असतील तर विचारा.

---

कडेकपारी

लेख आवडला, पण माझा अनुभव वेगळा आहे. आय-८० ने नेब्रास्का दोनदा पार केलाय. ४५५ मैल. मका, मका, खाद्याचा वास, पुन्हा मका. लहान मुलं मागच्या सीटवर कंटाळून रडतात. सगळ्यांना हे सुचवणं मला बरोबर वाटत नाही.

भीमाकाठ

कडेकपारी, तुमचा कंटाळा खरा आहे, पण तो प्रेअरीचा नाही, मक्याचा आहे. आय-८० प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो, तिथली सपाट जमीन सगळी लागवडीखाली आली. सँडहिल्स तिथून तासाभरावर उत्तरेला आहेत. मुलं पाच वर्षांखालची असतील तर मात्र मीही सांगेन की थांबा. दोन गावांमध्ये कधी साठ मैलांचं अंतर असतं.

ओमाहाकर

सहमत. थोडी भर. विमानातून नेब्रास्का-कॅन्ससवर हिरवी वर्तुळं दिसतात ना, ती फिरत्या पाइपच्या सिंचनाची. विहीर मध्यभागी, चाकांवरचा पाइप घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. फ्रँक झायबाक नावाच्या कोलोरॅडोच्या शेतकऱ्याला १९५२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १६० एकरांच्या चौकोनात साधारण १३० एकरांचं वर्तुळ बसतं, कोपरे कोरडे राहतात. पाणी ओगालाला भूजलसाठ्याचं, जो आठ राज्यांखाली पसरलाय. पश्चिम कॅन्ससमध्ये उपसा भरण्यापेक्षा खूप जास्त आहे, पातळी सतत खाली जाते आहे. सँडहिल्सखाली मात्र साठा चांगला आहे, कारण वाळूतून पाऊस सरळ मुरतो. मी मूळचा अहिल्यानगरकडचा, बोअर किती फुटांवर गेलं हे ऐकत मोठा झालो. त्यामुळे ती वर्तुळं मला शोभेची वाटत नाहीत.

१६० एकरांचा हिशोबही सांगतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला तेवढी जमीन मिळायची. सँडहिल्समध्ये १६० एकरांत कुटुंब जगेना, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्याने ६४० एकर केली.

भीमाकाठ

यावरून आठवलं. आप्पांनी विचारलं होतं की इथले कच्चे रस्ते मैलोन्‌मैल नाकासमोर जातात आणि मध्येच एकदम काटकोनात थोडे सरकून पुन्हा सरळ का होतात. रात्री शोधून काढलं. सगळी जमीन एक मैल बाय एक मैल चौकोनांत मोजलेली, १७८५ पासूनची पद्धत. पण पृथ्वी गोल, उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात, चौकोन बसेनात. म्हणून ठरावीक अंतरावर मोजणी सरकवून घेतली आणि रस्ताही सरकला. आप्पा म्हणाले, "म्हणजे मोजणीदारानं चूक झाकली न्हाई, रस्त्यावर मांडून ठिवली."

माळकवडी

सोलापूरहून लिहितोय. गवतांवर काम करतो, म्हणून राहवलं नाही. आपलं मारवेल, जे बांधावर लावतो आणि ज्याचे वाण राहुरी विद्यापीठाने काढले, ते अमेरिकेत टेक्सासला चाऱ्यासाठी नेलं होतं. तिथे त्याला 'क्लेबर्ग ब्लूस्टेम' म्हणतात. आज दक्षिण टेक्सासच्या माळावर ते मूळ गवतांना हुसकावणारं तण झालंय. इथे ते जनावरांचं पक्वान्न, तिथे संकट. उलट आपल्याकडे बाहेरून आलेली वेडी बाभूळ माळ खाते आहे.

आप्पांचा 'कुणी राखलंय' हा प्रश्न मी लिहून ठेवला. आपल्या सरकारी नोंदींमध्ये माळ बऱ्याचदा 'पडीक' असतो. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, पण पक्षी जवळजवळ संपला. लांडगा, खोकड, धाविक अजून आहेत. लोक तिथे झाडं लावायला येतात, चांगल्या मनाने येतात, आणि माळावर झाड लावणं म्हणजे माळ मारणं हे त्यांना समजावताना घसा कोरडा पडतो. पुढच्या वेळी फ्लिंट हिल्सच्या वणव्याचं उदाहरण देईन. फक्त आपल्याकडे हवामान वेगळं, वर्षाआड लागणारे वणवे इथे पक्ष्यांची घरटी जाळतात, ते जसंच्या तसं उचलू नये.

शेवंती७०

आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघंही सत्तरीचे, बाबांना मधुमेह, आई शुद्ध शाकाहारी. जेवणाचं आणि बाथरूमचं कसं जमवलंत?

भीमाकाठ

शेवंती, बाथरूमची काळजी महामार्गावर नाही, आतल्या रस्त्यांवर आहे. पाटी दिसली की जायचं, 'पुढच्या गावात' म्हणायचं नाही. पेट्रोलचंही तेच, अर्धी टाकी झाली की भरून घ्यायची.

जेवण: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर. लहान गावातही मेक्सिकन खाणावळ बहुधा असते, तिथे बीन्स-भात मिळतो, फक्त बीन्स चरबीत केलेत का ते विचारा. आय-८० वर पंजाबी ट्रकचालकांमुळे ढाबे उघडलेत, तिथे डाळ-रोटी ताजी मिळते. बाबांसाठी इन्सुलिन असेल तर थंड पेटी हवीच, बंद गाडी उन्हात भट्टी होते. दिवसाला २५० मैलांपेक्षा जास्त ठरवू नका. आम्ही परतीला ते मोडलं आणि आप्पांचे पाय सुजले.

नदीष्ट१९

लेख सुंदर, पण एक बाजू राहिली. हे रान ज्यांनी आधी राखलं त्यांच्यासाठीही थांबायला हवं. कॅन्सस हे नावच इथल्या मूळ रहिवासी कान्झा, म्हणजे कॉ, लोकांवरून पडलंय. त्यांना १८७३ मध्ये इथून ओक्लाहोमाकडे हाकललं. त्यांचा पवित्र लाल खडक, २८ टनांचा, १९२९ मध्ये लॉरेन्स शहराने उचलून नेऊन त्यावर गोऱ्या वसाहतकारांच्या सन्मानाची पाटी ठोकली होती. तो २०२४ मध्ये कॉ राष्ट्राला परत मिळाला आणि आता काउन्सिल ग्रोव्हजवळ त्यांच्या अॅलेगावाहो पार्कात आहे. स्ट्राँग सिटीहून अर्ध्या तासावर.

बॅडलँड्सला गेलात तर दक्षिणेला लाकोटा या मूळ रहिवाशांचं पाइन रिज हे राखीव क्षेत्र आहे, आणि तिथलं वूंडेड नी. २९ डिसेंबर १८९० ला सैन्याने तिथे लाकोटांची कत्तल केली, बायकामुलांसकट. साधी दफनभूमी आहे टेकडीवर. तिथे सेल्फी काढू नयेत, शांतपणे उभं राहावं.

आणि बायसन. १९व्या शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधी होते, १८८० चं दशक संपेपर्यंत हजारही उरले नाहीत. लोकांचं अन्नच मारलं की लोक हटतात, हा हिशोब तेव्हा उघड बोलला जात होता.

भीमाकाठ

नदीष्ट, ही बाजू लेखात यायला हवी होती, मान्य. वूंडेड नीला आम्ही गेलो होतो. आप्पांनी टोपी काढली होती. त्यावर लिहिणं मला जमलं नाही. लाल खडकाचं माहीतच नव्हतं, त्याच रस्त्याने गेलो आणि चुकवलं.

काळीमाती

मी मॅनहॅटनला (कॅन्ससमधल्या, न्यूयॉर्कच्या नव्हे) कृषी विद्यापीठात शिकते. गावाबाहेर कोन्झा प्रेअरी आहे. तिथे काही तुकडे दर वर्षी जाळतात, काही चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी, आणि काय फरक पडतो ते मोजत राहतात. कुंपणाच्या एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला झुडपांचं जंगल, असं उघड दिसतं. माळकवडी, तुम्हाला फोटो पाठवते. सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम माझ्या डोक्यावर जातं, तांबूस होतं. लोकांना पायवाटा खुल्या आहेत.

भीमाकाठ

काळीमाती, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं कॅन्सस सिटीपर्यंत येणारच आहोत, तिथून मॅनहॅटन दोन तास. एक दिवस कोन्झा, दुसऱ्या दिवशी काउन्सिल ग्रोव्हचा खडक. आप्पा गावी परतले आहेत, त्यांनी गवताची उंची पट्टीने मोजून कळवायला सांगितलंय, अंदाजाने नको म्हणाले. त्या बाजूचं अजून कोणी असेल तर इथेच सांगा, मोठी गाडी ठरवू.